गोवर आपल्या शरीराची मेमरी कशी पुसतो?

कॅनडाने गोवरमुक्त देशाचा दर्जा गमावला ही बातमी नोव्हेंबर २०२५ मध्ये आली आणि त्याच आठवड्यात मामीचा फोन आला. माझी धाकटी मामेबहीण जानेवारीत एमएस करायला अमेरिकेला निघाली होती. युनिव्हर्सिटीच्या हेल्थ फॉर्मवर एमएमआर लसीच्या दोन डोसच्या तारखा मागितल्या होत्या. घरात खूप शोधाशोध करून तिचं पिवळं पडलेलं लसीकरण कार्ड सापडलं, त्यावर एकच नोंद होती. साल २००३, लस ‘गोवर’. बस्स.

"अरे, तिला लहानपणी गोवर निघून गेलाय की," मामी म्हणाली. "कडुनिंबाच्या पाल्यावर झोपवलं होतं तिला आठ दिवस. मग आता इंजेक्शनं कशाला? उलट निघून गेला ते बरंच झालं. अंगात ताकद येते त्याने."

घरात कुणाचाही फोन हँग झाला की मला विचारतात, त्यात आता इंजेक्शनांची भर पडली. पण मामीचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण हेच वाक्य मी रील्समध्ये, फॉरवर्ड्समध्ये आणि अमेरिकेतल्या बातम्यांमध्येही वाचत होतो. आजार होऊन गेला की आलेली इम्युनिटी ‘नॅचरल’, म्हणून जास्त चांगली. खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वी मीही यावर मान डोलावली असती. गोवराच्या बाबतीत मात्र हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं फार महागात पडणारं आहे. ते कसं, हे आज बघू.

बातमी नेमकी काय आहे?

एखादा देश ‘गोवरमुक्त’ म्हणजे तिथे एकही रुग्ण नाही, असं नसतं. बाहेरून कुणीतरी विषाणू घेऊन येतोच. पण तो आतल्या आत पसरत राहता कामा नये. एकाच प्रकारच्या विषाणूची साखळी सलग १२ महिने किंवा त्याहून जास्त चालू राहिली तर दर्जा जातो. कॅनडाकडे तो १९९८ पासून होता. तिथली साखळी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, वर्ष उलटलं तरी तुटली नाही, आणि तोवर ५ हजारांच्या वर लोकांना गोवर झाला होता.

शेजारच्या अमेरिकेत २००० साली गोवर संपल्याचं जाहीर झालं होतं. २०२५ मध्ये तिथला आकडा २ हजारांच्या पुढे गेला, गेल्या ३० वर्षांतला सर्वात मोठा. सुरुवात झाली टेक्सासमधल्या गेन्स काउंटीतून. तिथे ज्या समाजात साथ पसरली, त्यात लस न घेतलेली मुलं बरीच होती. टेक्सासमध्ये ७६२ रुग्ण सापडले आणि दोन शाळकरी मुली गेल्या. दोघींनी लस घेतलेली नव्हती. दहा वर्षांत अमेरिकेत गोवराने झालेले हे पहिले मृत्यू.

त्यातही एक गोष्ट मला जास्त बोचली. ‘अ’ जीवनसत्त्व घेतलं की गोवरापासून वाचता येतं, अशी हवा तिकडे झाली. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस देतात हे खरं आहे, आपल्याकडेही देतात. डोळे आणि फुप्फुसं सांभाळायला त्याचा उपयोग होतो. पण त्याने संसर्ग टळत नाही. लोकांनी ते घरच्या घरी इतकं पाजलं, की यकृतावर परिणाम झालेली मुलं दवाखान्यात यायला लागली. फोनवर वाचलेला अर्धवट सल्ला थेट मुलाच्या पोटात.

शरीर आठवण कशी ठेवतं?

गोवर काय बिघडवतो हे कळायला आधी व्यवस्था नीट चालते तेव्हा काय होतं, ते बघावं लागेल.

कुठलाही विषाणू शरीरात शिरला की पहिली फळी काही तासांत कामाला लागते. ज्या पेशीत विषाणू घुसला ती इंटरफेरॉन नावाची रसायनं सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. ताप, अंगदुखी, मरगळ यातलं बरंचसं या फळीचं काम असतं, विषाणूचं नव्हे. ही फळी वेगवान आहे, पण समोर नेमका कोण आहे हे ती ओळखत नाही.

ओळखायचं काम दुसऱ्या फळीचं. काही पेशी विषाणूचे तुकडे उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, ती हीच जागा. तिथे लाखो बी आणि टी पेशी बसलेल्या असतात आणि प्रत्येकीचा आकार जरा वेगळा. ज्यांचा आकार त्या तुकड्याशी जुळतो त्यांना काम मिळतं, त्या भराभर वाढतात. बी पेशी अँटीबॉडी बनवतात, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला पेशीत शिरू न देणारे रेणू. टी पेशींपैकी काही, संसर्ग झालेल्या पेशी शोधून मारतात. या सगळ्याला पहिल्या वेळी आठवडा-दोन आठवडे लागतात. आपण आजारी पडतो ते याच उशिरामुळे.

लढाई संपल्यावर यातल्या बहुतेक पेशी मरून जातात. थोड्या मात्र मागे राहतात. काही हाडांच्या मगजात मुक्काम ठोकतात आणि वर्षानुवर्षं अँटीबॉडी सोडत राहतात, काही स्मृतिपेशी म्हणून रक्तातून आणि ग्रंथींतून फिरत राहतात. तोच विषाणू परत आला तर आठवड्याचं काम दोन-तीन दिवसांत उरकतं.

ही आठवण किती टिकते? यावर फार जुना आणि फार सुंदर पुरावा आहे. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १७८१ साली गोवराची साथ आली होती. त्यानंतर ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हता. १८४६ साली कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो परत आला आणि सुमारे ७,८०० लोकवस्तीपैकी ६ हजारांना झाला. पीटर पानुम नावाचा तरुण डॉक्टर तिथे पाठवला गेला. गावोगाव हिंडून त्याने लिहून ठेवलं, की १७८१ मध्ये ज्यांना गोवर होऊन गेला होता अशा म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो दुसऱ्यांदा झाला नाही. अँटीबॉडी हा शब्दही तेव्हा नव्हता.

म्हणजे मामीचं अर्धं बरोबर. एकदा गोवर झाला की गोवरापासून जन्मभर सुटका.

मग चुकतं कुठे?

बहुतेक विषाणू आपापली जागा धरून असतात. सर्दीचा विषाणू नाक-घशात, काविळीचा यकृतात. गोवराचा विषाणू मात्र पहिला हल्ला करतो तो पहारेकऱ्यांवर.

खोकल्यातून उडालेला गोवराचा विषाणू खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. तो श्वासातून आत गेला की फुप्फुसातल्या रोगप्रतिकारक पेशींमध्ये शिरतो आणि त्याच पेशी त्याला लसिका ग्रंथीपर्यंत नेऊन पोचवतात. तिथे तो ज्या कुलपाला चावी लावतो त्या रिसेप्टरचं नाव सीडी १५०. आणि हे कुलूप सर्वात जास्त कुणाच्या दारावर असतं? स्मृतिपेशींच्या. जुन्या आजारांची, घेतलेल्या लसींची आठवण धरून बसलेल्या बी आणि टी पेशी, नेमक्या त्याच.

पहिले दहाएक दिवस मुलाला काही होत नाही. ते खेळतं, शाळेत जातं. आत विषाणू या पेशींमध्ये वाढत असतो. मग ताप, लाल डोळे, खोकला, आणि कानामागून सुरू होऊन खाली उतरणारं पुरळ. हे पुरळ म्हणजे विषाणूने केलेली जखम नव्हे. आपल्या टी पेशी त्वचेतल्या संसर्ग झालेल्या पेशींना मारत असतात, त्याची ती खूण. ज्या मुलांमध्ये टी पेशी नीट काम करत नाहीत त्यांना गोवर होऊनही पुरळ येत नाही, आणि अशी मुलं वाचायची शक्यता कमी असते. पुरळ ‘बाहेर पडलं’ की बरं, असं आपल्याकडे म्हणतात त्यात तथ्य आहे ते एवढं.

टी पेशी संसर्ग झालेल्या पेशी मारतात, पण त्या पेशींत स्मृतिपेशीही असतात. म्हणजे न्यूमोनियाच्या जंतूची, फ्लूची, जुलाबाच्या विषाणूची आठवण असलेली पेशी गोवराचा विषाणू मारतो, नाहीतर आपलंच सैन्य मारतं.

आता मला सर्वात धक्कादायक वाटलेली गोष्ट. दोन-तीन आठवड्यांत रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या परत पहिल्यासारखी होते. सीबीसी रिपोर्ट नॉर्मल. पण नवीन भरती झालेल्या पेशींमध्ये गोवर ओळखणाऱ्या पेशींचा भरणा असतो. फोनमध्ये १२८ जीबी भरलेले दिसतायत, पण उघडून बघितलं तर दहा वर्षांचे फोटो गायब आणि एकच व्हिडिओ शेकडो वेळा कॉपी झालेला, असं काहीसं. सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज बघणाऱ्याला सगळं ठीकच वाटणार.

शास्त्रज्ञ याला ‘इम्यून अम्नेशिया’ म्हणतात, म्हणजे प्रतिकारशक्तीचा स्मृतिभ्रंश. पहिला सुगावा जुना आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ साली नोंदवलं, की ज्या मुलांची क्षयरोगाची त्वचा-चाचणी आधी पॉझिटिव्ह यायची, ती गोवर झाल्यावर काही काळ निगेटिव्ह यायला लागते. शरीर क्षयरोगाला ओळखेनासं झालं होतं. पण किती आठवणी जातात, कुठल्या जातात, हे मोजायचं साधन नव्हतं. ते यायला शंभर वर्षं गेली.

एका थेंबात सगळा इतिहास

इथे खरी टेक्नॉलॉजीची गोष्ट सुरू होते. एरवी अँटीबॉडी तपासायच्या म्हणजे एका आजाराची एक टेस्ट. डेंग्यूची वेगळी, काविळीची वेगळी. हार्वर्डमध्ये स्टीफन एलेज यांच्या प्रयोगशाळेत ‘व्हायरस्कॅन’ नावाची पद्धत तयार झाली. माणसाला होणाऱ्या जवळपास सगळ्या ज्ञात विषाणूंच्या प्रथिनांचे छोटे छोटे तुकडे घेतले आणि प्रत्येक तुकडा एकेका निरुपद्रवी विषाणूच्या अंगावर बसवला, पाटी लावल्यासारखा. हे निरुपद्रवी विषाणू फक्त जिवाणूंना लागतात. ते सगळे मिश्रण करून त्यात रक्ताचा थेंब टाकायचा. रक्तातल्या अँटीबॉडी आपापल्या ओळखीच्या पाट्यांना चिकटतात. न चिकटलेल्या धुऊन टाकायच्या आणि उरलेल्यांचा डीएनए वाचायचा. त्या माणसाला आजवर कुठले कुठले विषाणू भेटले त्याची यादी समोर. आपल्या शरीराची ब्राउझर हिस्ट्रीच म्हणा ना.

नेदरलँड्समध्ये २०१३ साली गोवराची साथ आली, धार्मिक कारणासाठी लस न घेणाऱ्या वस्त्यांमध्ये. तिथल्या संशोधकांनी पालकांच्या परवानगीने लस न घेतलेल्या मुलांचं रक्त साथीच्या आधी आणि नंतर घेऊन ठेवलं होतं. त्यातल्या ७७ मुलांचे नमुने व्हायरस्कॅनमधून गेले. निकाल २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. गोवर होऊन गेल्यावर, साधारण दोन महिन्यांनी, या मुलांच्या जुन्या अँटीबॉडींच्या भांडारातला ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झाला होता. कुणाचा थोडा, कुणाचा जवळपास तीन-चतुर्थांश. गोवराची लस घेतलेल्या मुलांमध्ये अशी घट दिसली नाही.

त्याच सुमाराला दुसऱ्या एका गटाने प्राण्यांवर प्रयोग केला. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांना फ्लूची लस दिली आणि नंतर गोवराच्या भावकीतल्या एका विषाणूचा संसर्ग घडवला. फ्लूच्या अँटीबॉडी गेल्या, आणि मग फ्लू दिल्यावर ते प्राणी इतरांपेक्षा जास्त आजारी पडले. म्हणजे हा नुसता कागदावरचा आकडा नाही.

७७ ही संख्या लहान आहे, हे मान्य. शिवाय ती सगळी युरोपातली, पोटभर खाणारी मुलं होती. कुपोषित मुलाचं काय होतं हे या अभ्यासाने मोजलेलं नाही. पण २०१५ साली इंग्लंड-वेल्स, अमेरिका आणि डेन्मार्क इथल्या अनेक दशकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा दिसलं की गोवराची साथ मोठी झाली की पुढची दोन-तीन वर्षं इतर संसर्गांनी होणारे बालमृत्यूही वाढतात. आणि गोवराची लस आल्यावर ते मृत्यूही घटले. दोन्ही अभ्यास शेजारी शेजारी ठेवले की चित्र जुळतं. मूल गोवरातून उठतं, आई-बाप सुटकेचा श्वास टाकतात, आणि सहा महिन्यांनी न्यूमोनिया किंवा जुलाब त्याला गाठतात. त्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘गोवर’ हा शब्द नसतो.

लस हाच उद्योग का करत नाही?

हा प्रश्न मला मामेबहिणीने विचारला, आणि तो अगदी रास्त आहे. गोवराच्या लसीत जिवंत विषाणूच असतो. मग तोही स्मृतिपेशी मारेल की!

उत्तर लसीच्या जन्मात आहे. १९५४ साली बॉस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ आली होती. तिथल्या डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या मुलाच्या रक्तातून जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेने विषाणू वेगळा केला. मग तो माणसाच्या पेशींतून, कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भातून, गर्भाच्या पेशींतून पिढ्यान् पिढ्या वाढवत नेला. तिथे राहून राहून तो तिथल्यापुरता तरबेज झाला आणि माणसाच्या शरीरात कच्चा पडला. १९६३ मध्ये पहिली लस आली, आणि आजही जगभरच्या लसी बहुतांशी त्याच एडमन्स्टनच्या वंशातल्या आहेत. आपल्या पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट जी लस बनवते तीही.

हा कच्चा विषाणू शरीरात गेला की थोडासा वाढतो. तेवढ्यात इंटरफेरॉनची पहिली फळी त्याला आवरते. दुसऱ्या फळीला तो नीट बघायला मिळतो, ती अँटीबॉडी आणि स्मृतिपेशी तयार करते, पण अंगभर पसरून जुन्या आठवणींचा फडशा पाडण्याएवढी ताकद त्याच्यात उरलेली नसते. गोवराची आठवण मिळते, बाकीच्या शाबूत राहतात.

याचा एक छोटा पुरावा तुम्ही घरातही बघू शकता. गोवराच्या लसीचा ताप इंजेक्शननंतर लगेच येत नाही. आलाच तर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या मध्ये येतो, कारण विषाणूला वाढायला तेवढे दिवस लागतात. दीड वर्षाच्या बाळाला इंजेक्शनाच्या दुसऱ्याच दिवशी ताप आला तर तो बहुतेक वेळा त्याच दिवशी दिलेल्या डीपीटी बूस्टरचा असतो. आठवड्याने हलका ताप आणि चार पुरळ दिसले तर घाबरून जायचं नाही, डॉक्टरांना मात्र सांगायचं.

कोविडच्या लसीला पुन्हा पुन्हा डोस आणि गोवराला दोनच, असं का, हेही लोक मला विचारतात. एक, गोवराच्या विषाणूच्या ज्या भागाला अँटीबॉडी चिकटतात तो भाग बदलला तर विषाणूला पेशीत शिरताच येत नाही, त्यामुळे १९५४ च्या विषाणूपासून बनलेली लस आजच्या विषाणूवरही चालते. दोन, गोवराला लक्षणं दाखवायला दहा-बारा दिवस लागतात आणि तेवढ्यात स्मृतिपेशी जाग्या होऊन काम आटोपतात. ओमिक्रॉन तीनेक दिवसांत घशात पसरायचा, स्मृतिपेशींची तयारी होईपर्यंत माणूस खोकायला लागलेला असायचा.

दुसरा डोस म्हणजे बूस्टर नव्हे

आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत देतात. अनेक घरांत पहिला नेमाने होतो आणि दुसऱ्याला ‘एक झालाय ना’ म्हणून चालढकल होते.

जन्मताना बाळाला आईच्या अँटीबॉडी मिळालेल्या असतात. त्या नवव्या महिन्यापर्यंत ओसरतात, पण सगळ्या बाळांच्या एकाच वेगाने नाही. ज्यांच्या अजून शिल्लक आहेत त्यांच्यात त्या अँटीबॉडी लसीतल्या कच्च्या विषाणूलाच पकडून मारतात. बाळाच्या स्वतःच्या पेशींना तो दिसतच नाही. म्हणून नवव्या महिन्यात दिलेली लस १०० पैकी साधारण ८५ बाळांना लागू पडते. अमेरिकेत पहिला डोस वर्षानंतर देतात, तिथे हे प्रमाण ९३ आहे. आपल्याकडे लवकर द्यावी लागते, कारण इथे गोवर लवकर गाठतो.

म्हणजे पंधरा बाळांच्या हातावर टोचल्याची खूण आहे, कार्डावर तारीख आहे आणि संरक्षण शून्य. ती पंधरा कुठली हे कुणालाच ठाऊक नाही. दुसरा डोस मुख्यतः त्यांच्यासाठी असतो.

आता हिशोब करा. कुणालाच संरक्षण नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो. साथ थांबायला साधारण ९५ टक्के लोक सुरक्षित लागतात. शंभरातल्या ९० मुलांनी एकच डोस घेतला तर खरोखर सुरक्षित ७६ च्या आसपास. कागदावर ९० टक्के, आणि साथीला दार उघडं.

ते दार आपण उघडं बघितलंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या रफीक नगरमधून लहान मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या, मग भिवंडी, मालेगाव. कोविडच्या काळात चुकलेले डोस हे मोठं कारण होतं. २०२१ या एका वर्षात जगभरात जवळपास ४ कोटी मुलांचा गोवराचा एखादा तरी डोस हुकला होता. त्यात दाटीची घरं, कुपोषण, कामावरून सुट्टी मिळत नसलेल्या आया. नऊ महिन्यांच्या आतली बाळंही आजारी पडायला लागली तेव्हा साथीच्या भागात सहाव्या महिन्यापासूनच एक जादा डोस द्यायचं ठरलं. तेव्हा सोशल मीडियावर ‘झोपडपट्टीतले लोक लस घेत नाहीत’ असा सूर होता. टेक्सास आणि कॅनडाच्या बातम्या वाचताना मला तो सूर आठवला. तिथे मोकळी घरं होती, गाड्या होत्या, लस फुकट होती.

लस नुसती मिळून भागत नाही, ती नीट मिळावी लागते. ही लस पावडरच्या रूपात येते, द्रवात कालवल्यावर चार तासांत संपवावी लागते. कुपीवर एक गोल आणि त्यात चौकोन छापलेला असतो. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो, तो बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की कुपी बाद. बॅटरी नाही, चिप नाही, आणि काम चोख. २०१८ मध्ये सामोआत लस कालवताना पाण्याऐवजी भलतंच औषध मिसळलं गेलं आणि दोन बाळं गेली. चूक माणसाची, पण लोकांचा विश्वास लसीवरून उडाला, लसीकरण काही महिने बंद पडलं, आणि २०१९ च्या साथीत त्या चिमुकल्या देशात ८३ जण मेले. बहुतेक पाच वर्षांच्या आतले. म्हणूनच सुईशिवाय, त्वचेवर चिकटवायची गोवर-रुबेलाची पट्टी येऊ घातली आहे. कालवायची भानगडच नाही. गॅम्बियातल्या चाचणीत ती चिकटवलेल्या बाळांपैकी ९० टक्क्यांहून जास्त बाळांमध्ये गोवराच्या अँटीबॉडी तयार झाल्या.

तुमचे किती डोस झालेत?

सरकारी लसीकरणात गोवराचा दुसरा डोस २०१० पासून आला. त्याआधी जन्मलेल्यांच्या कार्डावर बहुधा एकच. मग नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, ९ महिने ते १५ वर्षं वयाच्या सगळ्या मुलांसाठी. शाळेत रांग लावून दंडावर इंजेक्शन आणि अंगठ्याच्या नखावर मार्करची खूण, आठवतंय? ते आठवत असेल तर तुमचा दुसरा डोस बहुतेक तोच. तेव्हा पंधरा पूर्ण झालेले हुकले. माझी मामेबहीण त्यातलीच, अकरावीत होती.

कार्ड नसेल तर रक्तातल्या गोवराच्या आयजीजी अँटीबॉडीची तपासणी करता येते. गोवर झालेला असो की लस घेतलेली असो, त्यात दोन्ही सारखंच दिसतं. किंवा तपासणी न करता सरळ एमएमआरचे दोन डोस घेता येतात, मध्ये किमान २८ दिवस. आधी संरक्षण असेल तरी जादा डोसने नुकसान नाही. गरोदर असाल, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर ही लस घ्यायची नाही, आधी डॉक्टरांशी बोलायचं. भारताने २०२६ अखेर गोवर-रुबेला हद्दपार करायचं ठरवलंय, त्यासाठी दोन्ही डोस ९५ टक्के मुलांपर्यंत पोचायला हवेत. तुमच्या घरात दोन वर्षांचं भाचरू-पुतणं असेल तर त्याच्या कार्डाचा फोटो आजच मागवून घ्या, आणि दुसऱ्या डोसचा रकाना बघा.

मामेबहिणीने आधी तपासणी केली. रिपोर्ट आला, गोवराचं आयजीजी निगेटिव्ह. म्हणजे कडुनिंबाच्या पाल्यावरचे ते आठ दिवस गोवराचे नव्हतेच बहुधा, दुसरं कुठलंतरी पुरळ होतं. रुबेला, कांजिण्या, कितीतरी गोष्टींनी अंगावर लाल पुरळ येतं. आणि २००३ चा डोसही तिला लागलेला नव्हता. मामी रिपोर्ट हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे एवढी वर्षं ही अशीच फिरत होती?"

पहिला डोस नोव्हेंबरात झाला, दुसरा डिसेंबरात. दुसऱ्याच्या वेळी मामी स्वतः बरोबर गेली होती, आणि कंपाउंडरला कुपी दाखवायला सांगून तिने तो चौकोन बघून घेतला.